पुतळ्यावरची तालीम



आपल्या कित्येक सभासदांच्या मुली नर्सिंगला आणि मुले डॉक्टरकीला जात आहेत. तिथे पुतळ्यावर शिकवतात हे ऐकून काहींना प्रश्न पडतो, "पुतळ्यावर शिकून माणूस कसा बरा करणार?" शंका रास्त आहे. म्हणून थोडा खुलासा करतो.

गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन यांतल्या एकाने दुसऱ्याला वेळेवर खबर दिली नाही तर गाळप थांबते, मग माणसे कितीही तरबेज असोत. रुग्णाच्या खाटेभोवतीही तसेच असते. तिथे तर प्रश्न जिवाचा.

हा धडा आधी विमानवाल्यांनी घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे दगावली. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले नसावे, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. पुढे वैमानिकांना मिळून काम करण्याचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेत स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डॉ. डेव्हिड गाबा यांनी १९९० च्या सुमारास ते वैद्यकात आणले.

पुतळ्याची छाती हलते, नाडी लागते. पाच-सहा विद्यार्थ्यांना कामे वाटून देतात आणि 'रुग्णा'चे हृदय बंद पाडतात. एकाने मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची, दोन मिनिटांनी दुसऱ्याने ते काम घ्यायचे. प्रमुख नाव घेऊन सांगतो, "अ‍ॅड्रेनलिन १ मिलिग्रॅम शिरेतून द्या." नर्स तेच शब्द परत म्हणते आणि दिल्यावर "दिलं" असे कळवते. कधी प्रमुखाला मुद्दाम चुकीचा डोस सांगायला लावतात. नवखी नर्स त्याला थांबवते की गप्प बसते, हे पाहायचे असते.

नंतर सगळे गोल बसून काय चुकले, का चुकले ते बोलतात. खरे शिक्षण इथेच होते. कुणाला बोल लावायचा नसतो, आणि पुतळ्याचा जीव काही जात नाही.

मात्र नुसता पुतळा आणून भागत नाही. डॉक्टर आणि नर्स वेगवेगळे शिकले, तर एकत्र कामाची सवय लागणार कशी? म्हणून प्रवेश घेताना जरूर विचारा : अशी तालीम होते का, आणि दोघांची मिळून होते का?

आणखी एक. "मोठ्यांपुढे बोलू नये" असे आपण घरी शिकवतो. लेकीला एवढे मात्र सांगून पाठवा : डोस चुकीचा दिसला, तर साहेबांपुढेसुद्धा बोलायचं.