दुबळ्या लाटांनी घडवलेला सर्फबोर्ड

सर्फिंग म्हटलं की हवाईच्या अक्राळविक्राळ लाटा डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात जगभरचे बहुतेक सर्फर वर्षातले बहुतेक दिवस गुडघ्या-कमरेएवढ्या, जोर नसलेल्या लाटांवर काढतात. सर्फबोर्डच्या इतिहासातलं खरं नवल इथेच आहे. या खेळाचं रूप पालटणारे दोन मोठे बदल अशाच दुबळ्या लाटांच्या अडचणीतून जन्माला आले.

लाट दुबळी का असते? लाटेतली ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची निम्मी झाली की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते. उंचीबरोबर वेगही घटतो, पण इतका झपाट्याने नाही. किनाऱ्याजवळ पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते, आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवरच ठरतो. या हिशेबाने दोन मीटरची लाट फुटताना ताशी सुमारे १८ किलोमीटर वेगाने येते, तर साठ सेंटिमीटरची लाट जेमतेम १० किलोमीटरने. शिवाय तिचा उतारही मंद असतो. स्वाराला ढकलायला तिच्यापाशी फारसं बळ नसतं.

अशा वेळी सगळी भिस्त फळीच्या आकारावर असते. संथ फळी पाणी बाजूला सारत, त्यात रुतून पुढे जाते. ठरावीक वेग मिळाला की खालच्या पाण्याचा दाब तिला उचलून धरतो आणि ती पृष्ठभागावरून घसरू लागते. चपटा दगड पाण्यावर भिरकावला की टप्पे घेत जातो, त्यामागेही हाच दाब असतो. लहान लाटेची फळी चांगली की वाईट, हे ती किती कमी वेगात या अवस्थेला पोहोचते यावरून ठरतं.

हे शास्त्र फळीत उतरवणारा पहिला मोठा कारागीर म्हणजे कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स. कॅलटेकमध्ये शिकलेल्या सिमन्सने लिंडसे लॉर्ड या नौकारचनाकाराचा वेगवान नौकांच्या तळावरचा १९४६चा ग्रंथ अभ्यासला. त्या आधाराने त्याने रुंद शेपटीच्या, पातळ कडांच्या, तळाशी दोन फिन, म्हणजे उभी पाती, लावलेल्या फळ्या बनवल्या. १९५४ मध्ये सर्फिंग करतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या फळ्यांवरून प्रेरणा घेतलेली, पाच-साडेपाच फुटी बुटकी ‘मिनी सिमन्स’ अर्ध्या शतकानंतर सॅन डिएगोत तयार झाली आणि लहान लाटांसाठी जगभर गाजली.

पहिला मोठा बदल ऑस्ट्रेलियात झाला. न्यूकॅसलचा मार्क रिचर्ड्स मोठ्या लाटांवर पटाईत होता, पण स्पर्धा अनेकदा लहान लाटांत व्हायच्या आणि तिथे त्याची एका फिनची फळी मंद पडायची. १९७६ मध्ये सिडनीत त्याने हवाईच्या रेनो अ‍ॅबेलिराला बुटक्या, दोन फिनच्या ‘फिश’ फळीवर पाहिलं. त्या कल्पनेवर काम करून त्याने स्वतःची ट्विन-फिन घडवली आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार जगज्जेतेपदं मिळवली.

पण ही फळी सगळ्यांना मानवली नाही. सिडनीचा सायमन अँडरसन सहा फुटांहून उंच, भरदार शरीराचा. त्याने जोर लावून वळण घेतलं की ट्विन-फिनची शेपटी घसरायची. लहान लाटांतला वेगही हवा आणि पकडही, म्हणून १९८० मध्ये त्याने तीन सारख्या फिनची ‘थ्रस्टर’ बनवली. हा दुसरा मोठा बदल. १९८१ मध्ये बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत तो त्याच फळीवर जिंकला. आज स्पर्धांतल्या बहुतेक फळ्या तीन फिनच्याच असतात. अँडरसनने या रचनेचं पेटंट मात्र घेतलं नाही.

आता निवडीकडे वळू. साधारण ७५ किलो वजनाचा अनुभवी सर्फर चांगल्या लाटांसाठी सहा फूट लांब, पावणेएकोणीस इंच रुंद, २८ लीटरच्या आसपास घनफळाची फळी घेतो. लहान लाटांसाठी तोच सर्फर लांबी तीन-चार इंचांनी कमी करतो, रुंदी वीस-साडेवीस इंचांवर नेतो आणि घनफळ ३२ लीटरपर्यंत वाढवतो. नवशिक्याला याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त घनफळ लागतं. पॉलिस्टायरीन फोम आणि इपॉक्सीची फळी हलकी नि जास्त तरंगणारी असल्याने लहान लाटांत उपयोगी पडते.

दुकानात फळी उलटी ठेवून तळावर लांब सरळ पट्टी धरा. टोकाशी आणि शेपटीशी पट्टी व तळ यांच्यात जी फट दिसते, ती फळीची वक्रता, म्हणजे रॉकर. फट जितकी कमी, तितकी फळी मंद लाटेवर लवकर सुटते. मग कडेवरून अंगठा फिरवा. पुढे गोलसर असलेली कड शेपटीकडे धारदार होत गेलेली हवी. गोल कडेला पाणी चिकटून राहतं, धारदार कड ते सोडून देते.

खरी परीक्षा पाण्यात होते. दोन फळ्यांची तुलना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, अदलाबदल करत करावी, कारण भरती-ओहोटीने लाट तासाभरात बदलते. फिनही शक्यतो तेच ठेवावेत. तीन गोष्टी पाहाव्यात: किती कमी वल्हवून लाट पकडता येते, लाटेचा सपाट भाग फळी न थांबता ओलांडते का, आणि वळताना शेपटी पकड ठेवते का. ‘स्टॅब’ या सर्फिंगच्या नियतकालिकाने तर बनवणाऱ्याचं नाव झाकून नामवंत सर्फरांकडून फळ्या तपासून घेतल्या आहेत. नावाचा प्रभाव टाळायला ही पद्धत उत्तम.

गोव्यात मांद्रे-आश्वे पट्ट्यात सर्फिंग शिकवलं जातं. पावसाळा संपल्यावर तिथल्या लाटा लहान आणि सौम्य असतात. शिकायला जाणार असाल तर स्पर्धेतल्या सर्फरांसारखी अरुंद, टोकदार फळी मागू नका. आठ-नऊ फुटी, रुंद, मऊ फोमची फळी घ्या. त्या लाटांवर तीच तुम्हाला उभं करील.