दोन पेन्सांचा फरक

हुंडणावळ ही पेढीवाल्यांचीच भानगड, असें समजणाऱ्या वाचकांनीं आमचा एवढाच हिशेब पाहावा. पहिल्या महायुद्धापूर्वीं रुपया १६ पेन्सांचा होता. विलायतेच्या पौंडाचे १५ रुपये येत. १९२७ च्या कायद्यानें तो १८ पेन्सांचा ठरला आणि त्याच पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. परदेशीं जाणाऱ्या कापसाची किंमत विलायती नाण्यांत ठरे. शेतकऱ्याचा सारा व सावकाराचें व्याज मात्र रुपयांत! उलट विलायती कापड तेवढें स्वस्त. हिल्टन यंग कमिशनांत सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं १९२६ सालीं १६ पेन्सांच्या बाजूनें भिन्नमत नोंदविलें, तें व्यर्थ गेलें. नवल असें कीं, स्वराज्य आल्यावरहि तोच भाव चालू राहिला. जून १९६६ मध्यें पौंड २१ रुपयांचा झाला, तेव्हां तो सुटला.