वर्धेच्या पाण्यात प्रकाश मंदावतो!

रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर. सकाळचं ऊन इथे वर्धा नदीत शिरतं आणि चक्क मंदावतं! निर्वात पोकळीत सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात साधारण २,२५,००० किलोमीटरवर येतो.

अभिजात भौतिकशास्त्रानुसार प्रकाशलहरीमुळे पाण्यातले इलेक्ट्रॉन हलतात. त्यांच्या नव्या लहरी मूळ लहरीत मिसळतात आणि एकत्रित लहर रेंगाळते.

मग एकट्या फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाचं, काय?

तो ठरलेल्या वाटेने घरंगळणारी गोटी नव्हे. क्वांटम भौतिकीत तो कधी पोहोचेल याची फक्त शक्यता सांगता येते. २०११ मध्ये हाँगकाँगमधल्या प्रयोगात एकट्या फोटॉननेही प्रकाशवेगाची मर्यादा ओलांडली नाही. २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी तर विशिष्ट आकार दिलेला फोटॉन मोकळ्या जागेतही मीटरभर अंतरात काही मायक्रोमीटर मागे पडल्याचं दाखवलं.