डोस बाळाचा, हिशेब वजनाचा

लहान मुलांच्या बहुतेक औषधांचा डोस वजनावरून ठरतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे तपासणीआधी बाळाला काट्यावर ठेवतात आणि किलोचा आकडा चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहितात. तापावरच्या पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 100 ते 150 मिलिग्रॅम. वजन जुने किंवा अंदाजाने सांगितलेले असेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून बाळाच्या तोंडापर्यंत औषध अनेक हातांतून जाते. या साऱ्या टप्प्यांवर हजर असतात ते फक्त पालक.

दवाखान्यात पालकांनी आपणहून सांगायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली, सध्या कोणती औषधे चालू आहेत (गुटी, काढा, होमिओपॅथीच्या गोळ्याही यात आल्या), आणि तापाचे औषध घरी किती वाजता, किती दिले. निघण्यापूर्वी चिठ्ठी डॉक्टरांसमोर वाचून दाखवावी: औषध कशासाठी, किती मिलिलिटर, किती वेळा, किती दिवस. ‘एक चमचा’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

मेडिकल दुकानात खरी गफलत होते ती बाटलीच्या तीव्रतेत. पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये सहसा 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 किंवा 250 मिलिग्रॅम. त्यामुळे 150 मिलिग्रॅमसाठी थेंबांचे औषध दीड मिलिलिटर, 250 चे सिरप तीन, तर 120 चे सव्वासहा मिलिलिटर लागते. सिरप समजून थेंबांचे औषध 5 मिलिलिटर पाजले, तर 500 मिलिग्रॅम पोटात जाते. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर नावाबरोबर हा आकडाही चिठ्ठीशी जुळवावा. सील आणि मुदत पाहावी, बिल घ्यावे. बिलावर बॅच क्रमांक असतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. एखादी बॅच बाजारातून मागे घेतली गेली, तर घरातली बाटली त्यातली आहे का, हे बिलावरच्या बॅच क्रमांकावरूनच कळते. छिंदवाड्यातील मृत्यूंनंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत, अशी सूचना काढली.

प्रतिजैविक पावडरच्या रूपात मिळाले, तर बाटली आधी हलवून पावडर मोकळी करतात. मग उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली घालून पुन्हा हलवतात. फेस बसला की पाणी खुणेपर्यंत भरतात. दर वेळी पाजण्यापूर्वी बाटली हलवली नाही, तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे कडक होतात. तयार औषध किती दिवस टिकते आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचे का, हे लेबलवर असते. तेवढ्या दिवसांनंतर उरलेले टाकून द्यावे.

मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला चमचा चालत नाही, कारण घरोघरी त्याचा आकार वेगळा. बाटलीबरोबरचे मापाचे टोपण सपाट जागी ठेवून, डोळ्यांच्या पातळीत आणून मोजावे. लहान मापाला बिनसुईची सिरिंज अधिक नेमकी. औषध गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडावे. नाक दाबून पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

दिलेल्या डोसची वेळ कागदावर लिहून तो घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लावावा, नाहीतर आईने दिलेला डोस आजी पुन्हा देते. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तासांचे अंतर हवे. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते. म्हणून दोन्ही बाटल्यांवरचे घटक वाचावेत. औषध उलटून पडले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये.

बाळ सुस्त झाले, पिणे सोडले, लघवी कमी झाली, धाप लागली किंवा झटका आला, तर पुढच्या डोसची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला तरी हेच करावे. डोस जास्त गेल्याची शंका आली, तर मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये. पॅरासिटामॉलने यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसू लागते, आणि त्यावरचा उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो. जाताना बाटली आणि चिठ्ठी बरोबर न्यावी.