रायगड किनाऱ्यावरील मासे व त्यांतील स्नेह

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील वैद्यास ‘मासे चालतील ना?’ हा प्रश्न नित्य ऐकावा लागतो. उत्तर देण्यापूर्वी ‘कोणता मासा?’ हे विचारणे अगत्याचे आहे, असे आमचे मत आहे.

चरकाचार्यांनी मत्स्य गुरु, उष्ण, मधुर, स्निग्ध व वातहर सांगितले. सुश्रुताचार्यांनी नादेय आणि सामुद्र असा भेद केला. तथापि सामुद्र मत्स्यांतही स्निग्धत्व सारखे नसते. बांगडा व तारली यांचा मेद मांसातच साठतो आणि ऋतुमानाप्रमाणे, विशेषतः अंडी घालण्याच्या काळानुसार, पुष्कळ कमीअधिक होतो. ताज्या बोंबलाच्या १०० ग्रॅम मांसात ८५ ते ९० ग्रॅम पाणीच असते. मुशीचा मेद प्रामुख्याने यकृतात असतो; तिचे मांस त्यामानाने रूक्षच.

ज्यांचा बोलबाला आहे ती ओमेगा-३ वर्गातील आम्ले म्हणजे ईपीए (२० कार्बन, ५ द्विबंध) व डीएचए (२२ कार्बन, ६ द्विबंध). ती मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवालात तयार होतात व अन्नसाखळीतून माशात येतात. जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून आपल्या शरीरात ती अल्पच बनतात.

शोधनिबंध वाचताना एक गफलत संभवते. आकडे बहुधा ‘एकूण मेदाम्लांच्या शेकडा’ दिलेले असतात. कमी मेदाच्या माशात डीएचएचा शेकडा मोठा दिसतो, पण मुळात मेदच थोडा! उदाहरणार्थ, १ ग्रॅम मेदाच्या ३० टक्के म्हणजे ०.३ ग्रॅम, ६ ग्रॅमच्या २५ टक्के म्हणजे १.५ ग्रॅम. ताटात काय पडते ते ग्रॅममध्येच मोजावे. या हिशेबाने मेद भरलेल्या काळातला स्वस्त बांगडा महागड्या पापलेटला सहसा मागे टाकतो. बाजारभाव आणि गुण यांची गल्लत रुग्ण नेहमीच करतात.

पाकसंस्कारही महत्त्वाचा. तेलात खरपूस तळताना माशाचा स्नेह काही अंशी बाहेर जातो व तळणाचे तेल आत शिरते. कालवणात रसासह तो पोटात जातो. उन्हात वाळवताना ही आम्ले हवेने लवकर बिघडतात. खवट वासाचा, पिवळट पडलेला सुका बांगडा वर्ज्य समजावा. खाऱ्या माशातील मीठ रक्तदाबाच्या रुग्णास वेगळे सांगावे लागते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. ‘१००० मिलिग्रॅम मत्स्यतेल’ लिहिलेल्या सामान्य कॅप्सूलमध्ये ईपीए १८० व डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे मिळून ३०० च असतात. यकृत-तेल ही निराळी वस्तू. त्यातील अ जीवनसत्त्वामुळे ते गर्भिणीस देऊ नये. १९९९ मध्ये इटलीतील अभ्यासात हृद्रोग्यांना ओमेगा-३ चा लाभ दिसला. २०१८ च्या अमेरिकेतील ‘व्हायटल’ अभ्यासात मात्र सुमारे २६,००० व्यक्तींमध्ये प्रमुख हृद्विकारांत लक्षणीय घट आढळली नाही. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही दिसून आला आहे. वॉरफॅरिन घेणाऱ्याने कॅप्सूल मागितल्यास त्याच्या चिकित्सकाची चिठ्ठी आधी पाहावी.