घोणस अळीला विष आहे, पण सापाचं नाही

सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर कापसाच्या शेतात पडलेल्या दोन मृतदेहांचा फोटो फिरला. सोबत एका अळीचं चित्र होतं आणि ती डसली की माणूस काही मिनिटांत मरतो, असा मजकूर. प्रत्यक्षात ते दोघे चाळीसगाव तालुक्यात वीज पडून गेले होते.

त्याच सुमारास मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात उसात, बांधावरच्या गवतात घोणस अळीने शेतकऱ्यांना खरोखरच हैराण केलं होतं. त्यामुळे अफवेला पाय फुटले. नाव घोणस असलं तरी ही एका पतंगाची अळी आहे. ती चावत नाही. तिच्या अंगावरचे पोकळ काटे टोचतात आणि त्यांतून विष सुटतं. भयंकर आग होते, सूज येते, गांधी उठतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकेल अशी लोनोमिया अळी दक्षिण अमेरिकेत आढळते, आपल्याकडे नाही.

‘हे शेतातलं दुखणं, आम्हाला काय?’ असं पिंपरी-चिंचवडकरांनी मात्र समजू नये. सोसायटीच्या आवारात, चाकणजवळ म्हाळुंगे-कुरुळीतल्या कामगारांच्या खोल्यांमागे शेवगा असतो. त्याच्या खोडावर केसाळ अळ्या पुंजक्याने बसतात. त्यांना हात लावला नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. सुटलेले केस वाऱ्याने दोरीवर वाळणाऱ्या युनिफॉर्मवर येऊन बसतात. मेलेल्या अळीचे आणि टाकलेल्या कातेचे केसही खाजवतात, म्हणून चपलेने चिरडून झाडूने लोटणं वाईटच.

घोंगडी घासायचा सल्ला घरोघरी मिळतो. घासल्याने, खाजवल्याने केस आणखी आत रुततात. त्यापेक्षा चिकटपट्टी हलकेच लावून उचला, दोन-तीनदा नवी पट्टी घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. अंगावरचे कपडे वेगळे धुवा. धाप लागली, ओठ किंवा चेहरा सुजला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

मला खरी काळजी डोळ्यांची वाटते. काही अळ्यांच्या केसांना बारीक उलटे काटे असतात. असा केस बुबुळात रुतला, तर तो हळूहळू आत सरकतो आणि दृष्टीला धोका होऊ शकतो. नुसते थेंब टाकून तो निघत नाही, डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढावा लागतो. तेव्हा डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा, शिफ्ट बुडाली तरी चालेल.