वाणावर नावाची चिठ्ठी

संक्रांतीच्या वाणावर लावायला मी यंदा संगणकावर नावाच्या चिठ्ठ्या केल्या. बायका ३२, म्हणजे नावंही ३२! पहिली चिठ्ठी अशी झकास जमली, की घाईघाईनं जेपेग करून ठेवली अन् मोकळी झाले. दुसरं नाव घालायला जाते तो काय, पहिलं नाव नक्षीला घट्ट चिकटलेलं! सारं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून सांगते, आधी ‘लेअर’ समजून घ्या. जिंप हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात एकावर एक काचा ठेवाव्यात तसं चित्र रचायचं. अडीच बाय दोन इंचांची चिठ्ठी, इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ७५० बाय ६०० चं कोरं चित्र घ्या. खाली रंग, मग नक्षी, सर्वांत वर नाव. प्रत्येकाचा लेअर वेगळा हं! नावाला ‘ड्रॉप शॅडो’ द्या, पण हलकीच. गडद सावली म्हणजे फिसकटलेलं काजळ.

मूळ फाइल एक्ससीएफ म्हणून ठेवा, त्यात लेअर शाबूत राहतात. मग फक्त नाव बदलायचं आणि छापण्यासाठी पीएनजी काढायची.

नक्षीसाठी इंटरनेटवरचं कुणाचं चित्र मात्र विचारल्याशिवाय उचलू नका, बाई. तेही कुणाच्या तरी हातचंच असतं. मी आजेसासूबाईंच्या पैठणीच्या काठाचा फोटो काढला नि तोच लावला. सासूबाई चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत होत्या.

“अगं, हा आमच्या सासूबाईंचा काठ ना?”